तीन खोल्यांचं घर आणि एक तारा : ऑनलाइन रिव्ह्यूंचं घरगुती निवासवाल्यांनी काय करावं?

खाडीकाठ

दिवेआगर, मुरुड, गुहागर, तारकर्ली, कुठेही जा, 'राहण्याची व जेवणाची घरगुती सोय' असा बोर्ड ओट्यावर दिसतोच. दोन-तीन खोल्या, मागे आगर, स्वयंपाक घरच्याच माणसांच्या हातचा. काही घरं सरकारी निवास व न्याहारी योजनेत नोंदलेली, काही नुसत्या ओळखीपाळखीवर चालणारी. पूर्वी पाहुणा यायचा तो कुणाचं तरी नाव सांगत यायचा. आता फोन लावायच्या आधी तो गूगलवर तारे बघतो.

माझं मत असं की ही पद्धत मोठ्या हॉटेलांना सोसते, लहान घराला सोसत नाही. पण तिच्यातून सुटकाही नाही. म्हणून चार प्रश्न :

१. एक वाईट रिव्ह्यू प्रत्यक्षात किती महागात पडतो?
२. मजकूर काहीच नाही, नुसता एक तारा, नाव अनोळखी. अशा वेळी काय करायचं?
३. 'रिव्ह्यू लिहा, जेवणात सूट घ्या' हे चालतं का?
४. वाईट रिव्ह्यूला उत्तर द्यावं की गप्प बसावं?

'एकदा आमच्याकडे असा पाहुणा आला होता' या गोष्टी या धाग्यावर नकोत. नेमकं काय बिघडतं आणि काय करावं, तेवढंच लिहा. माहिती असलेले बरेच जण इथे आहेत.

आकडेमोड

प्रश्न १ चा हिशोब सरळ मांडता येतो.

घराला १२ रिव्ह्यू आहेत आणि सगळे पाच तारे. तेरावा एक तारा आला. (६० + १) ÷ १३ = ४.६९. गूगलच्या पाटीवर ५.० होतं तिथे ४.७ दिसू लागलं. आता हेच २०० रिव्ह्यू आणि ४.८ सरासरी असलेल्या हॉटेलात करा. ९६१ ÷ २०१ = ४.७८, म्हणजे पाटीवर पुन्हा ४.८च. तक्रार एकच, पण तिकडे ओरखडाही नाही.

भरून काढायचं तर? सरासरी पुरी ४.८ वर न्यायलाच ओळीने ७ पाच तारे लागतात (९६ ÷ २०). कोकणातला हंगाम ऑक्टोबर ते मे धरा. साधारण ३५ शनिवार-रविवार, ३ खोल्या, सगळ्या भरल्या तरी १०५ कुटुंबं. दहातलं एक कुटुंब लिहितं असं धरलं तर वर्षाला १० रिव्ह्यू. म्हणजे एका ताऱ्याची एवढी भरपाई करायलाच हंगामातले साडेपाच-सहा महिने जातात, तेही मध्ये दुसरा तसा आला नाही तर.

यातून निघणारी गोष्ट : तारा काढून टाकायच्या मागे लागण्यापेक्षा भाजकातला १३ वाढवा. दहातल्या एकाऐवजी तिघांनी लिहिलं तर तेवढीच भरपाई दोनेक महिन्यांत होते.

पुणे_३०

पाहुण्याच्या बाजूने एक ओळ : गूगलवर हॉटेल शोधताना ३.५, ४ किंवा ४.५ च्या वरचंच दाखव अशी चाळणी असते. ४.४ वालं घर कितीही चांगलं असो, ४.५ लावणाऱ्याला ते दिसतच नाही. त्यामुळे दशांशामागचा एक आकडा म्हणजे क्षुल्लक गोष्ट नव्हे.

माडबन

आकडेमोड यांच्या हिशोबात एक भर. प्रत्येक संकेतस्थळाचं गणित वेगळं आहे आणि बरेच घरमालक सगळीकडे एकच नियम आहे असं समजून चालतात.

एअरबीएनबीवर पाहुणा आणि यजमान दोघंही एकमेकांबद्दल लिहितात. मुक्काम संपल्यापासून १४ दिवसांची मुदत. दोघांनी लिहिलं, किंवा मुदत संपली, की मगच दोन्ही उघड होतात. त्यामुळे 'तू काय लिहिलंस ते बघून मी लिहितो' हे तिथे जमत नाही. स्वच्छता, वर्णनाचा खरेपणा, चेक-इन, संवाद, ठिकाण, पैशाचा मोबदला असे सहा वेगळे तारे असतात, पण एकूण तारा पाहुणा स्वतंत्रपणे देतो. तो त्या सहांची सरासरी नसतो. सुपरहोस्टचा, म्हणजे उत्तम यजमानाचा, बिल्ला हवा तर एकूण सरासरी ४.८ लागते. म्हणजे पाच पाहुण्यांत फार तर एकाने चार तारे द्यायचे. आपल्याकडे मात्र 'चार म्हणजे छानच की' असं मानणारे भरपूर. शाळेत ८० टक्क्यांना कुणी नापास म्हणत नाही, इथे म्हणतात.

बुकिंग डॉट कॉमवर दहापैकी गुण. ज्याने तिथून खोली घेतली तोच लिहू शकतो, आणि ३६ महिन्यांहून जुने रिव्ह्यू गळून पडतात. तिथे पाहुणे ८ च्या वर किंवा ९ च्या वर अशी चाळणी लावतात, म्हणून ७.९ आणि ८.० यांच्यात मोठी दरी आहे.

गूगलवर मात्र कुणीही. राहिलेला, नुसता जेवून गेलेला, रस्ता चुकून दारात आलेला. ज्याचं खातं आहे तो तारा देतो, मजकूर लिहो न लिहो. आणि कोकणातलं बहुतेक बुकिंग फोनवरून होत असल्यामुळे त्या पाहुण्यांना लिहायला गूगल हीच एक जागा उरते. थोडक्यात, जिथे पडताळणी सगळ्यात कमी तिथेच आपल्या घरांची अब्रू टांगलेली.

निवांत

मला हा सगळा खटाटोपच पटत नाही. वर्षानुवर्षं येणारी कुटुंबं, त्यांनी पाठवलेले भाऊबंद, ऑफिसातले लोक, एवढ्यावर तीन खोल्या भरतात. पाटी काढून टाका, गूगलवरून घर उतरवा, प्रश्न मिटला.

ओसरी

निवांत, घर गूगलवरून उतरवणं आपल्या हातात नसतं. मालकाने नोंद केली नाही तरी पाहुणा स्वतः जागा टाकू शकतो, फोटो चढवू शकतो, तारेही देऊ शकतो. मग नाव चुकीचं, नंबर जुना, पिन भलत्याच पाणंदीत, आणि उत्तर द्यायला कुणी नाही. मालकाने ताबा घेतलेली नोंद त्यापेक्षा केव्हाही बरी.

दुसरं, ओळखीने येणाराही रस्ता बघायला नकाशा उघडतोच. आणि तिथे नावाखाली पहिली गोष्ट दिसते ती तारे. भावाने सुचवलेलं घर ३.९ दिसलं की बायको विचारते, 'नक्की हेच ना?' तिथून पुढे शंकेनेच प्रवास सुरू होतो.

घावनचटणी

आकडे झाले. पण तारे कापले जातात कशामुळे, ते बघा. रिव्ह्यू नीट वाचले तर 'वाईट' यापेक्षा 'सांगितलं नव्हतं' हेच जास्त सापडतं. जेवणापुरतं सांगते :

मासळीचा भाव. 'बाजारभावाप्रमाणे' हा एक शब्द भांडणाचं मूळ आहे. सुरमई, पापलेट, बांगडा, प्रत्येक थाळीचा त्या दिवसाचा भाव सकाळी १० च्या आत व्हॉट्सअॅपवर कळवा आणि होकार घ्या. थाळीत तुकडे किती, भात-पोळी किती, सोलकढी पुन्हा मिळेल का, हेही त्यातच. बिलाच्या वेळी कळलेला भाव कितीही रास्त असला तरी 'लुटलं' असंच लिहिलं जातं.

मासेमारी बंदी. १ जूनपासून पावसाळी बंदी लागते. त्या काळात येणाऱ्याला बुकिंगच्या वेळीच सांगा की समुद्राची ताजी मासळी नाही. खाडीचं काय मिळेल ते, सुकट, बोंबील, अंडी, नाहीतर कुळथाची पिठी आणि भाजी. न सांगता सुकी मासळी वाढली तर 'शिळे मासे' असा रिव्ह्यू येतो आणि तो वर्षानुवर्षं राहतो.

न्याहारी. 'नाश्ता समाविष्ट' एवढंच लिहू नका. पोहे एक वेळ, घावन एक वेळ, माणशी किती नग, चहा किती वेळा, सगळं लिहा. आठ वाजता सहा जणांना घावन द्यायचं तर एका बिड्यावर (घावनाच्या लोखंडी तव्यावर) भागत नाही. एका घावनाला तीन-चार मिनिटं लागतात. माणशी तीन धरले तर १८ नग, म्हणजे तासभर. शेवटचा माणूस नऊला जेवतो आणि 'सर्व्हिस स्लो' लिहून जातो. दोन बिडी ठेवा किंवा गर्दीच्या दिवशी उपमा करा.

मोदकांचं तर आदल्या रात्रीच विचारून घ्या. ऐनवेळी 'मोदक मिळतील का' म्हणणाऱ्याला नाही म्हणताना कसंतरी होतं, पण अर्धवट उकडलेल्यापेक्षा नाही म्हटलेलं बरं.

वायरमन

दोन तक्रारी सगळीकडे सापडतात : गरम पाणी नाही, लाइट गेली. दोन्हींचं कारण बहुधा मालकाच्या निष्काळजीपणापेक्षा जोडणीत असतं.

गरम पाणी. ३ किलोवॉटचा इन्स्टंट गिझर १३ अँपिअर ओढतो. सकाळी ७ ला तिन्ही खोल्यांत चालू झाले की ३९ अँपिअर. सिंगल फेज, ३२ अँपिअरचा एमसीबी, म्हणजे भार वाढला की आपोआप पडणारा खटका. तो पडणारच. मग कुणीतरी धावत जाऊन चढवतो, पुन्हा पडतो. त्याऐवजी १५ लिटरचा २ किलोवॉटचा साठवणीचा गिझर घ्या, तिन्ही मिळून २६ अँपिअर होतात. त्याच वेळी पाण्याचा पंप चालवू नका. पंप पहाटे पाचला आटपून घ्या. तरीही घरातलं बाकीचं धरून भार काठावरच राहतो, म्हणून एक गिझर साडेपाचला, दुसरा सहाला असं पाळीपाळीने तापवून ठेवलेलं चांगलं.

सोलर असेल तर वेगळीच गंमत. गच्चीपासून मोरीपर्यंत पाऊण इंची पाइप १५ मीटर असेल तर त्यात जवळपास ४ लिटर गार पाणी उभं असतं. पाहुणा नळ सोडतो, दोन तांबे गार येतं, नळ बंद करतो, तक्रार लिहितो. नळावर ठळक अक्षरांत चिकटवा : 'सुरुवातीचं ४-५ तांबे पाणी दुसऱ्या बादलीत घ्या, मग गरम येईल.' आणि पाइपाला फोमचं वेष्टण घाला. एका दिवसाचं काम आहे.

लाइट. १५० एएचची (अँपिअर-तासांची) एक बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॉट-तास. हातात साधारण ११०० ते १२०० येतात. जुने ७५ वॉटचे तीन पंखे आणि तीन एलईडी मिळून २५० वॉट, म्हणजे साडेचार तासांत खेळ खलास. रात्री ११ ला गेलेली वीज पहाटे आली तर पहाटेचे दोन-तीन तास पाहुणे घामाघूम. तेच पंखे बीएलडीसीचे (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे), ३० वॉटचे लावले की एकूण ११७ वॉट आणि रात्र निघते. दुसरी बॅटरी घेण्याआधी पंखे बदला.

आणि एसीला बॅकअप नाही, हे लिस्टिंगमध्येच लिहा. न लिहिल्यामुळेच तारे जातात.

माडबन

वायरमनदादांना अनुमोदन. मोरीच्या वासाचंही असंच आहे. सोमवार ते गुरुवार खोली बंद असते. मोरीच्या जाळीखालच्या ट्रॅपमध्ये जे पाणी वास अडवतं ते उन्हाळ्यात सुकून जातं. शुक्रवारी रात्री पाहुणा दार उघडतो आणि टाकीचा वास. फिनेल ओतून उपयोग नाही, तो तासाभरात उडतो. बंद खोलीतल्या प्रत्येक जाळीत दोन दिवसांआड तांब्याभर पाणी ओतलं की झालं. बेसिन आणि कमोडलाही तेच.

पावसाळ्यात चादरींना ओलसर वास मारतो. दर गादीला चादरींचे तीन जोड ठेवा : एक अंथरलेला, एक धुतलेला, एक वाळत. पूर्ण वाळल्याशिवाय घडी नाही. नाहीच वाळलं तर इस्त्री. डांबराच्या गोळ्या ठेवू नका, त्या वासाचीही तक्रार येते. कपाटात वाटीभर चुनकळी ठेवली की ओल खेचते, फक्त लहान मुलांच्या हाताला लागणार नाही अशी वरच्या फळीवर ठेवा.

किनाऱ्यालगतच्या विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात. साबणाला फेस येत नाही. हे लपवू नका. 'आंघोळीचं पाणी उन्हाळ्यात किंचित खारं, पिण्याचं वेगळं' असं लिहून २० लिटरचा जार खोलीबाहेर ठेवा.

ओसरी

'समुद्र हाकेच्या अंतरावर' असं लिहिलेलं असतं. हाक कोणाची, तेही लिहायला हवं :)

मीटर लिहा. '४५० मीटर, पायी सहा मिनिटं, शेवटची पाखाडी उतरणीची, चाळीस पायऱ्या.' गुडघे दुखणाऱ्या आजी बरोबर असतील तर ते कुटुंब आधीच विचार करेल, आणि आलं तर तयारीनं येईल. गाडी दारापर्यंत येते की मंदिरापाशी लावून चालावं लागतं, तेही लिहा.

फोटोंचंही तसंच. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात दिवेआगर-श्रीवर्धन पट्ट्यातल्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. पोफळ पुन्हा उभी राहून गर्द व्हायला वर्षं लागतात. वादळाआधीचे गर्द सावलीचे फोटो लिस्टिंगवर तसेच राहिले असतील तर पाहुण्याला उघडी वाडी बघून फसवल्यासारखं वाटणारच. आजचे फोटो टाका, खाली तारीख टाका, नवी लावलेली रोपंही दाखवा. वाडी पुन्हा उभी करणाऱ्या माणसाबद्दल पाहुण्याला आदरच वाटतो.

निवांत

हे सगळं वाचून माझा मूळ आक्षेप आणखी पक्का होतो. ताऱ्यांच्या भीतीने घरांची हॉटेलं होतायत. सारवलेली पडवी जाऊन टाइल्स आल्या, कौलांखाली पीओपीचं छत आलं, मालवणात पनीर बटर मसाला मिळू लागला. ज्यासाठी माणूस कोकणात येतो तेच पुसलं जातंय. हा तोटा कुठल्या सरासरीत दिसतो?

घावनचटणी

निवांतदादा, दुखणं खरं आहे, पण औषध उलट आहे. पनीर मागणारा पाहुणा आपल्या दारात येतोच का? कारण लिस्टिंगवर 'सर्व प्रकारचं जेवण' असं लिहिलेलं असतं. 'फक्त कोकणी घरगुती जेवण, शाकाहारात वालाची उसळ, फणसाची भाजी, आंबोळी. पनीर आणि चायनीज मिळणार नाही' असं पहिल्या ओळीत लिहिलं की तो आपणहून दुसरीकडे जातो. जो येतो तो वालासाठीच येतो आणि पाच तारे देऊन जातो. सगळ्यांना खूश करायला गेलेल्या घराला ४.२ मिळतात.

पडवी सारवलेलीच ठेवा. 'जमीन शेणाने सारवलेली आहे, आठवड्याला सारवण होतं' हे फोटोसकट लिहा.

निवांत

हे मान्य. पण पडवी ठेवायची तर ओलीचा आणि चिखलाचा रिव्ह्यू येतोच पावसात.

घावनचटणी

जून ते सप्टेंबर पडवीत चटया अंथरा, दाराशी जाड काथ्याचं पायपुसणं आणि पाय धुवायला नळ. येईल एखादी तक्रार. तेवढी सोसायची.

तळटीप

थोडी बाहेरची माहिती, कारण प्रश्न १ वर आणि खोट्या रिव्ह्यूंवर अभ्यास झालेले आहेत.

तेव्हा हार्वर्डमध्ये असलेल्या मायकेल लुका यांनी २०११ मध्ये सिअॅटलमधल्या रेस्टॉरंटांचे येल्प या रिव्ह्यूंच्या संकेतस्थळावरचे तारे आणि उत्पन्न ताडून पाहिलं. एक तारा वाढला की उत्पन्न ५ ते ९ टक्के वाढतं, पण हा परिणाम स्वतंत्र दुकानांवर. साखळीतल्या दुकानांवर नाही. कारण उघड आहे. साखळीचं नाव ग्राहकाला आधीच ठाऊक असतं, अनोळखी घराबद्दल त्याच्यापाशी दुसरी माहितीच नसते. खाडीकाठ यांनी म्हटलंय की लहानाला सोसत नाही. ते खरं आहे, पण त्याची दुसरी बाजूही आहे : चढत्या ताऱ्यांचा फायदाही लहानालाच होतो. जाहिरातीला पैसे नसलेल्या घराला याहून स्वस्त जाहिरात नाही.

खोट्या रिव्ह्यूंबद्दल मेझलिन, डोव्हर आणि शेव्हालिए यांचा २०१४ चा अभ्यास आहे. एक्स्पीडियावर खोली घेतल्याशिवाय लिहिता येत नाही, ट्रिपअॅडव्हायझरवर कुणालाही येतं. दोन्हीकडचे एकाच हॉटेलचे रिव्ह्यू ताडले तर लहान मालकीची स्वतंत्र हॉटेलं शेजारी असलेल्यांना ट्रिपअॅडव्हायझरवर वाईट रिव्ह्यू जास्त आढळले. म्हणजे शेजाऱ्याने शेजाऱ्याचे तारे कापणं ही फक्त गावकीची कुजबुज नाही.

प्रश्न ३ : नाही, चालत नाही. सूट, सोलकढी, काजूची पुडी, काहीही देऊन रिव्ह्यू मागणं गूगलला, ट्रिपअॅडव्हायझरला, एअरबीएनबीला मंजूर नाही. फक्त खूश दिसणाऱ्यांनाच मागणं हेही गूगलच्या नियमात बसत नाही. मागायचं तर प्रत्येकाला. घरच्यांनी, भाचे-पुतण्यांनी लिहिणं हा हितसंबंध झाला. आणि एका संध्याकाळी एकाच वाय-फायवरून दहा पाच-तारे आले तर ते गाळणीत अडकण्याची शक्यता असते, कधी खरेही त्यांच्याबरोबर जातात. आपल्याकडे भारतीय मानक ब्यूरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस १९०००:२०२२ हे मानक काढलं, त्याचंही सूत्र हेच. ते ऐच्छिक आहे, पण काय रास्त मानलं जातं ते त्यातून कळतं.

परदेशस्थ

ब्रिटनमधून एक भर. ब्लॅकपूलच्या एका हॉटेलाने २०१४ मध्ये बुकिंगच्या अटींतच कलम घातलं होतं की वाईट रिव्ह्यू लिहिला तर १०० पौंड दंड. एका जोडप्याच्या कार्डावरून ते पैसे कापलेही. प्रकरण बातम्यांत गेलं, स्थानिक प्रशासनाने लक्ष घातलं, पैसे परत करावे लागले, आणि त्यानंतर त्या हॉटेलवर वाईट रिव्ह्यूंचा मारा झाला. एप्रिल २०२५ पासून इथे खोटे रिव्ह्यू लिहिणं-लिहवून घेणं कायद्यानेच बंद आहे.

म्हणून खोलीत 'वाईट लिहिण्याआधी आम्हाला सांगा' अशी धमकीवजा पाटी नको. 'काही कमी वाटलं तर रात्री १० पर्यंत हाक मारा, लगेच बघतो' एवढं पुरे. दोन वाक्यांच्या सुरातच सगळा फरक आहे.

ओसरी

आणि हाक मारायची वाट बघूच नका. पाहुणा खोलीत गेल्यावर अर्ध्या तासाने एकदा जाऊन विचारा : पंखा, पाणी, चादर, मोबाइलला रेंज. 'सगळं ठीक ना?' असं विचारलं की प्रत्येक जण 'हो हो' म्हणतो. 'गरम पाणी आलं का?' असं विचारलं की खरं उत्तर मिळतं. निघताना कळलेली तक्रार रिव्ह्यूत जाते, आल्या आल्या कळलेली दुरुस्त होते.

आकडेमोड

प्रश्न ४ वरही आकडा आहे. प्रोसर्पिओ आणि झर्व्हास यांनी टेक्सासच्या हॉटेलांचा ट्रिपअॅडव्हायझरवरचा अभ्यास केला (प्रकाशन २०१७). मालकांनी उत्तरं द्यायला सुरुवात केल्यावर रिव्ह्यूंची संख्या १२ टक्के वाढली आणि सरासरी ०.१२ तारा वर गेली. कारण मजेदार आहे : मालक वाचतो हे दिसलं की उगाच टोचून लिहिणारे मागे हटतात. जे नाराज लिहितात ते कमी होतात, पण लांबलचक आणि कारणासकट लिहितात. म्हणजे उपयोगीच.

माडबन

उत्तर देताना पाळायच्या गोष्टी :

त्याच रात्री लिहू नका, पण दोन दिवसांच्या पुढेही ढकलू नका. चार-पाच ओळी पुरेत. जे खरं आहे ते आधी कबूल, मग काय बदललं ते, शेवटी एक ओळ पुढच्या पाहुण्यासाठी. पाहुण्याचं नाव-गाव, फोन, बरोबर कोण होतं, दारू प्यायला होता का, यातलं एक अक्षरही नको. खाजगी माहिती उघड करणं नियमाबाहेर आहे आणि वाचणाऱ्याला धडकी भरते की उद्या माझंही लिहितील. एअरबीएनबीवर उत्तराला ३० दिवसांची मुदत असते.

'सूट द्या नाहीतर एक तारा देतो' असं कुणी म्हणालं तर त्याला फोनवर उत्तर देत बसू नका. बुकिंग ज्या अॅपवरून झालं त्याच्याच चॅटमध्ये लिहा : 'आपण आत्ता असं म्हणालात, तरी कृपया तक्रार नेमकी सांगा.' धमकी देऊन पैसे मागणं त्यांच्या नियमात बसत नाही, पण पुरावा त्यांच्या चॅटमध्ये हवा, आणि रिव्ह्यू पडायच्या आधी कळवलेलं जास्त ऐकलं जातं.

खाडीकाठ

सगळ्यांचे आभार. गरम पाण्याच्या नळावरची पाटी आणि ट्रॅपमधलं पाणी, या दोन गोष्टी तर आजच करण्यासारख्या. पण प्रश्न २ राहिलाच. मजकूर नाही, नाव ओळखीचं नाही, एक तारा. तक्रार केली की 'नियमभंग आढळला नाही' असं येतं.

तळटीप

हो, ते उत्तर बहुतेक वेळा येतंच, आणि का ते समजून घ्या. 'हा राहिलाच नाही' किंवा 'हा खोटं बोलतोय' याचा निवाडा गूगल करत नाही. ते फक्त नियम बघतात : शिवीगाळ, खाजगी माहिती, जागेशी संबंध नसलेला मजकूर, हितसंबंध, बनावट खाती. नुसत्या ताऱ्यात मजकूरच नाही, तर बघणार काय? म्हणून पायऱ्या अशा :

त्या खात्यावर टिचकी मारून त्याचे बाकीचे रिव्ह्यू बघा. एकाच दिवशी गावातल्या पाच घरांना एक तारा आणि सहाव्याला पाच, असं दिसलं तर स्क्रीनशॉट काढून ठेवा. त्या पाचही घरांनी आपापल्या नोंदीवरून तक्रार करा. कारण निवडताना 'हितसंबंध' किंवा 'बनावट' निवडा, 'आवडलं नाही' या अर्थाचं काही नको. तक्रारीचं काय झालं ते गूगलच्याच रिव्ह्यू-व्यवस्थापनाच्या पानावर दिसतं; नाकारली तर तिथूनच एकदा अपील करता येतं. एकदाच, म्हणून पुरावा नीट जमवून मग करा.

तरीही राहिला तर खाली एवढंच लिहा :

'नमस्कार. आमच्या नोंदवहीत या नावाने मुक्काम किंवा जेवण सापडत नाही, त्यामुळे नेमकं काय कमी पडलं ते आम्हाला कळत नाही. आपण आला असाल तर तारीख कळवा, मनापासून बघू. आमच्या तीन खोल्या, त्यांचे दर आणि जेवणाची सगळी माहिती वर दिली आहे.'

'खोटारडे', 'शेजाऱ्याने केलंय' असलं काही नको. हे वाचणारा तो तारा देणारा नसतो. वाचणारं असतं पुढच्या शनिवारी यायचं की नाही ते ठरवणारं कुटुंब.

ओसरी

याला एक अट आहे : नोंदवही खरोखर असायला हवी. फोनवरच्या बुकिंगचं नाव, तारीख, माणसं किती, काय कबूल केलं, भाव काय सांगितला, एवढं शंभर पानी वहीत लिहिलं तरी पुरे. जेवायला येणाऱ्यांचंही.

आणि नोंदीचा ताबा तपासा. बऱ्याच घरांची गूगलची नोंद पुतण्याने किंवा फोटो काढायला आलेल्या एजंटाने स्वतःच्या ईमेलवरून केलेली असते. तो नोकरीला मुंबईला गेला, पासवर्ड गेला, आता उत्तर द्यायचं तर दारच बंद. नोंदीवर ताब्याची विनंती टाका, आधीच्या मालक-खात्याला उत्तर द्यायला काही दिवस मिळतात. पडताळणीसाठी व्हिडिओ मागतात : रस्त्यावरून सुरुवात, बोर्ड, दार, आतल्या खोल्या, आणि हे घर तुम्हीच चालवता हे दिसेल असं काहीतरी, म्हणजे कुलूप उघडणं किंवा नावाचं वीजबिल. हे सगळं एका सलग चित्रीकरणात. रेंज असेल तिथे उभं राहून चढवा, अर्ध्यात तुटलं तर पुन्हा करावं लागतं.

ताबा मिळाला की घरातल्या दोघांना मालक करून ठेवा. जी स्वयंपाक करते ती त्यात हवीच. रिव्ह्यूतला अर्धा मजकूर तिच्या हाताबद्दल असतो, आणि चांगलं लिहिलेलं तिच्यापर्यंत कुणी पोचवत नाही.

घावनचटणी

ओसरीताई, शेवटच्या ओळीला शंभर वेळा अनुमोदन.

खाडीकाठ

नोंदीचा ताबा पुतण्याकडेच निघाला, बऱ्याच घरांचं असंच असणार. तेव्हा एक उपप्रश्न : विनंती टाकल्यावर समोरून उत्तरच आलं नाही, तर जुने रिव्ह्यू राहतात की नव्याने सुरुवात?

तळटीप

राहतात. ताबा बदलतो, नोंद तीच राहते. फक्त घाईने त्याच पत्त्यावर दुसरी नवी नोंद करू नका. दोन नोंदी झाल्या की तारे दोन्हीकडे विखुरतात आणि कधी चुकीचीच बंद होते.